सोसू नका, गुडघा वाकवा

गुडघा बदलायचं नक्की झालं की ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे मला फोन करतात. साताऱ्यात हे ऑपरेशन झालेली मी काही एकटी नाही, पण विचाराल ते सगळं सांगते म्हणून माझा नंबर हातोहात फिरतो. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. डॉक्टर कोण, सांधा कुठल्या कंपनीचा, दोन्ही पाय एकदम करावेत का, खर्च किती. खर्चाचं एक बरं झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी तोच सांधा लाख-दीड लाखांनाही माथी मारला जायचा. एवढं सगळं विचारून झालं, की समोरचा माणूस फोन ठेवायच्या बेतात येतो. ऑपरेशननंतर दुखेल किती आणि त्या दुखण्याचं करायचं काय, हे क्वचितच कोणी विचारतं. मग मीच थांबवते आणि सांगते, कारण माझा गुडघा तिथेच अडला होता.

आधी आत काय करतात ते समजून घ्या. पूर्ण सांधा कापून काढतात असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा साधारण ८ ते १० मिलिमीटर तासतात, त्यावर धातूचे भाग बहुधा सिमेंटने बसवतात आणि मध्ये प्लॅस्टिकची जाड चकती ठेवतात. झिजलेल्या हाडाला हाड घासून जे दुखायचं, ते त्याच दिवशी संपतं. नंतर दुखतं ते कापलेलं आणि ताणलेलं मांस, सांध्याभोवतीचं आवरण आणि सूज. पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवलेला असेल तर मांडीही ठणकते. हे दुखणं बरं होण्याच्या वाटेवरचं आहे, पण आहे जबर.

अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. त्या बातम्यांमुळे हे ऑपरेशन आपल्याकडे घरोघरी माहीत झालं. ते करणारे डॉ. चित्तरंजन राणावत आणखी एका गोष्टीसाठी ओळखले जातात. टाके घालण्याआधीच सांध्याभोवतीच्या मांसात बधिर करणाऱ्या आणि सूज रोखणाऱ्या औषधांचं मिश्रण टोचायचं, याला डॉक्टरमंडळी ‘राणावत कॉकटेल’ म्हणतात. म्हणजे ज्यांनी हे सांधे बदलले, त्यांनीही दुखण्याचा विचार सांध्याइतकाच गांभीर्याने केला. आता बहुतेक ठिकाणी असं इंजेक्शन किंवा मांडीतल्या नसेचा ब्लॉक देतात. त्यामुळे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात, तेव्हा माणूस चकित होतो. ‘काहीच दुखत नाही!’ मीही नातेवाइकांना फोनवर हेच सांगितलं. त्या औषधांचा असर ओसरतो, तेव्हा खरं दुखणं कळतं, आणि कित्येकांना त्या सुमारास घरी सोडलेलं असतं.

मला सोडताना जो कागद दिला, त्यावर दुखण्याच्या गोळ्यांपुढे ‘दुखल्यास’ एवढंच लिहिलं होतं. किती दुखल्यास, व्यायामाआधी की नंतर, रात्री घ्यायची का, कोणी समजावलं नाही. घरी येणारा-जाणारा म्हणायचा, गोळ्या जास्त खाऊ नका, किडनी जाते. माझ्या वन्सं कौतुकाने म्हणाल्या, वहिनी भारी सोशिक, कण्हत नाहीत. आपल्याकडे बाईच्या सोशिकपणाचं कौतुक लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. अगदी असह्य झालं की अर्धी गोळी, असं चाललं होतं. व्यायामाची वेळ झाली की पाय आपोआप आखडायचा. टाके काढायला गेले तेव्हा गुडघा कसाबसा ७० अंश वाकत होता आणि पूर्ण सरळही होत नव्हता.

तेव्हा ज्या मुलीने माझा पाय हातात घेतला, ती नवखी वाटावी इतकी तरुण फिजिओथेरपिस्ट होती. तिने आधी व्यायाम घेतलाच नाही. म्हणाली, “काकू, शेवटची गोळी कधी घेतलीत?” मी म्हटलं, काल सकाळी. ती म्हणाली, “मग आज मी तुमच्या पायाशी नाही, तुमच्या दुखण्याशी भांडणार.” तिने सर्जनना फोन लावला, गोळ्यांच्या वेळा ठरवून घेतल्या आणि मला समजावलं. सुजलेल्या, दुखऱ्या गुडघ्याकडून मेंदूला सारखा इशारा जातो आणि मेंदू मांडीचा पुढचा स्नायू बंद पाडतो. तो स्नायू चालला नाही, की पाय सरळ होत नाही. वाकवणं टाळलं, की आत जखम भरताना तयार होणारे तंतू आहे त्या स्थितीत घट्ट होतात. पहिल्या सहा आठवड्यांत जे वाकवणं कष्टाने का होईना मिळतं, ते तीन महिन्यांनंतर फार महाग पडतं. गुडघा ९० अंशांपर्यंतही जात नसेल, तर काहींना पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागतो. माझ्यावर ती पाळी येता येता टळली.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. गोळी दुखणं वाढल्यावर घ्यायची गोष्ट नाही, ती व्यायामासाठी आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळांना, घड्याळ पाहून घ्या, आणि व्यायामाच्या पाऊण-एक तास आधी तिची वेळ येईल असं बसवून घ्या. दुखणं एकदा डोक्यावर चढलं, की ते उतरवायला जास्त औषध लागतं. मग आठवड्यागणिक कमी करत जा, तेही विचारून.

वेळेवर घ्या म्हणजे वाटेल तितक्या घ्या असं नाही, आणि इथे सावध राहायला हवं. पॅरासिटामॉलची प्रौढासाठी चोवीस तासांतली कमाल मात्रा ४ ग्रॅम. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे जवळपास तेवढी झाली, आणि वय, वजन, यकृत बघून डॉक्टर याहून कमी सांगतात. गोम अशी, की ट्रॅमाडॉलच्या आणि असिक्लोफिनॅकच्या पुष्कळशा गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेलंच असतं. तीन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांमधून एकच औषध तीनदा पोटात जाऊ शकतं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर घरातल्या कोणाकडून तरी वाचून घ्या आणि रोजचा हिशेब कागदावर लिहा. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची किडनीबद्दलची भीती अगदी खोटी नाही. मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, पोटातला अल्सर असेल तर त्या सरसकट घ्यायच्या नसतात. शिवाय रक्त पातळ ठेवायचं औषध चालू असतं, त्यात दुकानातून आणखी एखादी गोळी आणून भर घातली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेजाऱ्यांच्या गुडघ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला नको. ट्रॅमाडॉलने मळमळ होते, गरगरतं आणि शौचाला खडा होतो. हे आधी माहीत असेल तर इसबगोल, पाणी, ताक-भाजी पहिल्या दिवसापासून सुरू करता येतं. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नका, एकत्र घेतल्या तर त्रास होतो. आणि अशा गोळ्यांवर असताना रात्री बाथरूमला एकट्याने उठू नका. यांना हाक मारायला मला संकोच वाटायचा. पडले असते तर?

आता उशी. गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरं वाटतं. मला दवाखान्यातच एका मावशींनी मायेने तशी दिली होती. पण पाय तासन्‌तास किंचित वाकलेला राहिला, तर तो तसाच आखडतो, आणि सरळ न होणारा गुडघा कमी वाकणाऱ्या गुडघ्याइतकाच वाईट. लंगडणं जात नाही, मांडी लगेच थकते. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी राहू द्या. पाच-दहा मिनिटंही नकोशी वाटतात, तरी दिवसातून अनेकदा करा. वाकवण्याचं माप हवं असेल तर असं समजा: सपाट जमिनीवर चालायला ६५-७० अंश पुरतात, जिन्याला ९०च्या आसपास लागतात, हाताचा टेकू न घेता खुर्चीतून उठायला १०५च्या घरात. एकदम सगळं गाठायचं नसतं. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. एकाच वेळी तासभर हाणामारी केली तर संध्याकाळी गुडघा टम्म सुजतो आणि दुसरा दिवस वाया जातो. व्यायामानंतर दुखणं तासा-दोन तासांत पूर्वपदावर आलं तर माप बरोबर. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा, बंद करू नका.

सूज पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात वाढते आणि काळंनिळं रक्त पोटरीत, कधी घोट्यापर्यंत उतरतं. ते पाहून आमच्या घरात सगळे हादरले होते. पाय हृदयापेक्षा उंच ठेवून पडणं आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून अनेकदा, हा त्यावरचा साधा आणि खरा उपाय. इथे आपल्याकडे हमखास एक घोळ होतो. कोणी तरी मालिशवाल्या बाईंना घेऊन येतं, कोणी गरम पिशवीचा शेक सांगतं, कोणी लेप. सुरुवातीच्या आठवड्यांत शेकाने सूज वाढते, ताज्या जखमेवर लेप म्हणजे जंतूंना आमंत्रण, आणि पोटरी रगडणं तर धोक्याचं, कारण तिथल्या शिरेत गुठळी झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. प्रेमाने आलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. आमच्याकडे ते काम सुनेने केलं. तिने ठाम हात जोडले म्हणून माझा पाय वाचला, असं मी मानते.

रात्रींबद्दल कोणी बोलत नाही. दिवसा बरं चाललेलं असतं, आणि अंथरुणाला पाठ टेकली की गुडघा जागा होतो. कुठल्याही कुशीवर चैन नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर ‘उगीच केलं हे ऑपरेशन’ असं मनात येऊन रडू फुटतं. मला वाटायचं, माझंच काही बिघडलंय. नंतर ज्यांच्या-ज्यांच्याशी बोलले, त्या जवळजवळ सगळ्यांनी हेच सांगितलं. झोप नसली की दुखणं दुप्पट वाटतं. रात्रीची गोळी झोपण्याच्या वेळेला येईल असं डॉक्टरांना सांगून बसवा, निजण्याआधी बर्फ लावा, दुपारी लांबलचक झोपू नका. कुशीवर निजायची परवानगी मिळाली असेल तर दोन्ही पायांमध्ये उशी घ्या. जाग आली तर तळमळत पडण्यापेक्षा वॉकर घेऊन, सोबतीने, खोलीत चार फेऱ्या मारा. बहुतेकांच्या रात्री दोन-तीन महिन्यांत सुधारतात. घरच्यांनी या दिवसांत ‘अजून दुखतंय?’ असं विचारू नये. ‘आज किती वाकला?’ असं विचारावं.

काही गोष्टी विचित्र वाटल्या तरी घाबरायच्या नाहीत. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, कारण तिथली बारीक नस कापली जाते. चालताना कट्‌कट् आवाज येतो. कित्येक महिने गुडघा हाताला कोमट लागतो. पण पोटरी अचानक दुखून कडक झाली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, जखमेतून पू-पाणी आलं, थंडी वाजून ताप भरला, किंवा कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा चढू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. धाप लागली असेल तर थेट रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता जास्त, म्हणून साखर ऑपरेशनच्या आधीपासूनच आटोक्यात आणा.

घर आधी तयार करा. कमोडची सोय, बाथरूममध्ये धरायला दांडा, हाताची उंच खुर्ची, पायात येणारे गालिचे उचललेले. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पूजा मी आता खुर्चीवर बसून करते, देव्हारा भिंतीवर उंच लावून घेतला. मांडी घालून बसता येईल का, हे सर्जनना आधीच स्पष्ट विचारा. बहुतेक जण जमिनीवर बसणं टाळायलाच सांगतात.

आणि एक गोष्ट फोनवर मी शेवटी सांगते, कारण ती कोणालाच ऐकायची नसते. हे ऑपरेशन बहुतेकांना सुख देतं, पण दर पाचांतला साधारण एक जण निकालावर पूर्ण समाधानी नसतो. पुरतं सावरायला वर्ष लागू शकतं, हे खरं. तरी तीन महिन्यांनंतरही रोजचं दुखणं हटत नसेल, तर ‘वयाचं आहे’ म्हणून गप्प बसू नका आणि इतरांनी गप्प केलं तरी बसू नका. सर्जनकडे परत जा. सांधा सैल आहे का, आत मंद जंतुसंसर्ग आहे का, हे एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्यांवरून शोधायला लावा. दुखणं मुळात खुब्यातून किंवा कमरेच्या मणक्यातून उतरत असेल, तेही तपासायला सांगा. उत्तर पटलं नाही तर सगळे कागद आणि एक्स-रे घेऊन दुसऱ्या सर्जनना दाखवा.