रोझा वनमध्ये फराळाचं पोस्टर

घरगुती फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत ना? मग ए३ पोस्टर आजच करून टाकू. शीर्षकाला घेऊ रोझा वन हा फाँट. फुकट मिळतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या आहेत, आणि जुन्या छापील जाहिरातींची ऐट आहे. काही रेघा दांडग्या, काही अगदी केसासारख्या. हीच त्याची गंमत, आणि सांभाळायचंही तिथेच.

1. गूगल फाँट्सवर त्याचं नाव रोमन अक्षरांत शोधा आणि फाइल उतरवून घ्या.

2. झिप उलगडा.

3. आतली टीटीएफ फाइल उघडून 'इन्स्टॉल' दाबा. पोस्टर लिब्रेऑफिसमध्ये करणार आहोत; ते उघडं असेल तर आधी बंद करा, नाहीतर फाँटच्या यादीत नाव दिसणार नाही.

4. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उभं ए३ पान घ्या.

5. मजकुराची चौकट काढून 'घरगुती' आणि त्याखाली 'फराळ' असं युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फाइलमधून चिकटवलंत तर अक्षरांचा पार काला होईल.

6. दोन्ही शब्द निवडून रोझा वन लावा.

7. आकार 200 पॉइंट द्या. कडेला चिकटत असेल तर थोडा उतरवा.

8. ठळक करायचं 'बी' बटण बंद आहे ना, बघा. मोह होतोच! पण रोझा वनला एकच जाडी आहे आणि ती भरपूर आहे. 'बी' दाबलं की प्रोग्राम रेघा उगाच फुगवतो, मग 'घ' आणि 'फ' यांच्या पोकळ्या बुजतात आणि बारीक रेघांची सगळी मजा जाते.

9. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. वाढवलंत की शिरोरेघ तुटते, आणि तुटक शिरोरेघेचा मराठी शब्द फारच केविलवाणा दिसतो.

10. आता ओळींमधलं अंतर जुळवा. 'गु'चा उकार 'फराळ'च्या शिरोरेघेला टेकता कामा नये.

11. पदार्थ, भाव आणि फोन नंबर खाली दुसऱ्या चौकटीत टाइप करा.

12. या चौकटीला मुक्ता फाँट लावा (तोही असाच उतरवून घ्या), 32 पॉइंट. इथे रोझा वन नकोच. लहान आकारात त्याच्या बारीक रेघा उडतात आणि भाव वाचता येत नाहीत.

13. 'साटोऱ्या', 'शंकरपाळे', 'ऑर्डर' हे शब्द मोठे करून वाचा. 'ऱ्या' फुटलेला दिसला तर तो शब्द पुन्हा टाइप करा.

14. शीर्षकाला गडद रंग द्या, मागे कागद पांढराच राहू द्या. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं छापली तर शाई बारीक रेघांत शिरते.

15. पीडीएफ काढा. मूळ फाइल छपाईच्या दुकानात देऊ नका. तिथे रोझा वन नसेल तर भलताच फाँट छापला जाईल.

16. एकच प्रत छापून घ्या.

17. ती भिंतीवर लावून दहा पावलं मागे जा आणि वाचा. बारीक रेघा दिसत नसतील तर शीर्षक मोठं करा.

बाकीच्या प्रती त्यानंतरच छापायला सांगा.