शस्त्रांचे गट पाडताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवायला बसलं की ड्रॅगनपेक्षा जास्त डोकं खातो तो पात्राच्या कागदावरचा एक छोटा रकाना: या गड्याला कुठली शस्त्रं चालवता येतात? मी पुण्यात शनिवारी जमणाऱ्या एका टोळक्याचा डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा. जुनी दुसरी आवृत्ती खेळवली, तिसरी खेळवली, आता पाचवी चालू आहे, आणि प्रत्येकीत हा रकाना निराळा. एकेक शस्त्र सुटं शिकवण्यापेक्षा त्यांचे गट पाडावेत, हे माझं मत मात्र आवृत्तीगणिक पक्कं होत गेलं. ते गट कसे पाडावेत, याबद्दलचे हे अनुभवाचे बोल.

१. आधी आकड्यांकडे बघा.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ सालचा. त्यात खंजीर घ्या नाहीतर कुऱ्हाड, डॅमेज सारखंच, सहा बाजूंचा एक फासा. शस्त्रागणिक वेगळं डॅमेज आलं ते १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत. मग १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने प्रावीण्याचा हिशोब मांडला. फायटरला सुरुवातीला चार शस्त्रं, क्लेरिकला आणि थीफला दोन-दोन, जादूगाराला एक. न शिकलेलं शस्त्र उचललं तर फायटरला वजा २, क्लेरिकला वजा ३, जादूगाराला वजा ५. वीस बाजूंच्या फाशावर एक आकडा म्हणजे पाच टक्के. खंजीर शिकलेल्या जादूगाराने हाताशी आली म्हणून काठी उचलली, तर त्याच्या नेमातून थेट २५ टक्के गेले. एवढा फटका बसणार असेल तर कोणी नवं शस्त्र हातात धरेल कशाला?

२. खेळाडू खजिन्याच्या तक्त्याप्रमाणे शिकतो.

त्याच काळातल्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये सापडणाऱ्या जादुई तलवारींपैकी ७० टक्के लाँगसोर्ड असत आणि दोन हातांनी पेलायची तलवार जेमतेम १ टक्का. ज्याने तो तक्ता पाहिला त्याने लाँगसोर्ड सोडून दुसरं काही शिकणं म्हणजे हौसच. मग सहा जणांच्या टोळीत चार लाँगसोर्डवाले, आणि गुहेच्या तळाशी चमचमणारा जादुई फ्लेल सापडला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शेवटी तो गावातल्या व्यापाऱ्याला विकला जातो. गट असले की हे टळतं. सापडलेली वस्तू विकण्याऐवजी वापरली जाते, आणि माझ्या लेखी गट पाडायचं सगळ्यात मोठं कारण तेच. वास्तवाशी इमान वगैरे नंतर.

३. लांब दांड्याची सगळी शस्त्रं डोळे मिटून एका गटात टाका.

गायगॅक्सला या शस्त्रांचं अतोनात प्रेम. १९७५पासून तो त्यांच्यावर लेख लिहीत होता, आणि १९७८च्या यादीत त्याने ती हौस पुरवून घेतली: फॉशार्ड, ग्लेव्ह, गिझार्म, ग्लेव्ह-गिझार्म, बार्डिश, पार्टिझन, रॅन्सर, हॅल्बर्ड आणि आणखी कितीतरी. प्रत्येकाचं प्रावीण्य वेगळं! चारातलं एक घर ‘ग्लेव्ह-गिझार्म’साठी खर्च करणारा खेळाडू मला अजून भेटायचाय. प्रत्यक्षात ही सगळी एकाच कुळातली. यातली बरीच तर सरळ शेतातून आलेली आहेत. ‘बिल’ नावाचं इंग्लिश शस्त्र म्हणजे फांद्या छाटायचा कोयता, फक्त माणसापेक्षा उंच दांड्यावर बसवलेला. दोन्ही हात दांड्यावर, पुढचा दिशा देतो, मागचा जोर. टोक असेल तर भोसका, पातं असेल तर हाणा, आकडा असेल तर खेचा.

गट केल्यावर आमच्याकडे काय झालं ते सांगतो. हॅल्बर्ड शिकलेल्या फायटरने पडलेल्या पहारेकऱ्याचा गिझार्म उचलला, आणि घोडेस्वाराच्या चिलखतात त्याचा आकडा अडकवून त्याला खाली ओढलं. सुट्या प्रावीण्याच्या नियमाने तो वजा २ बघूनच हात आखडता घेता. पाइक मात्र मी या गटातून काढतो. तीनचार माणसांच्या उंचीचा तो वासा फक्त पुढे रोखायचा असतो; त्याची जागा भाल्यांत.

४. पात्याकडे बघू नका, हाताकडे बघा.

सगळ्यात जास्त वाद इथेच. नवा डीएम धारदार, बोथट, टोकदार अशी वर्गवारी करतो, कारण पुस्तकात डॅमेजचे प्रकार तसे दिलेले असतात. पण ती वर्गवारी जखमेची झाली. शिकणारा शिकतो ती हालचाल. कुऱ्हाड धारदार, गदा बोथट. तरी दोन्हींचं वजन टोकाशी, दोन्ही फिरवायच्या, आणि वार हुकला की दोन्ही सावरायला सारखाच वेळ. ‘गर्प्स’ या खेळाने कुऱ्हाड आणि गदा एकाच कौशल्यात घातली आणि साखळीचा फ्लेल वेगळा ठेवला, ते मला शंभर टक्के पटतं. उलट लाँगसोर्ड आणि रेपियर दोन्ही ‘तलवारी’ म्हणून एकत्र बांधल्या जातात, तेव्हा मी कपाळाला हात लावतो. एक प्रामुख्याने कापणारी, दुसरी भोसकणारी; पाय वेगळे पडतात, खांदा वेगळा वळतो.

धनुष्य आणि क्रॉसबो तर कधीच एकत्र करू नका. १५४५मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेतून जी लांब धनुष्यं वर काढली, ती ओढायला शंभर पौंडांहून जास्त जोर लागे असा अंदाज आहे. तो जोर लहानपणापासूनच्या सरावाशिवाय येत नाही. क्रॉसबोची तार एकदा चढवली की राहतो फक्त नेम. पाचव्या आवृत्तीत लाइट क्रॉसबो साध्या शस्त्रांत आणि लाँगबो लढाऊ शस्त्रांत आहे, त्यामागे हाच विचार असावा.

५. दांडपट्टा मागणारा भेटणारच.

मराठी टेबलावर कोणीतरी हटकून विचारतो, “पट्टा घेऊ का?” जरूर घ्या. पण तो तलवारीच्या गटात बसवायचा का? पट्ट्याची मूठ पोलादी खोबणीच्या आत, आडवी. खोबणी कोपराच्या दिशेने अर्धा हात झाकते आणि मनगट पुरतं बंद होतं. तलवारबाज अर्धे डाव मनगटाने खेळतो. पट्टेकऱ्याला ते मनगटच नाही. वार कोपरातून, खांद्यातून, खरं तर अख्ख्या अंगाच्या गिरकीतून येतो. कोल्हापूरकडे मर्दानी खेळात पट्टा फिरताना पाहिला असेल, तर मी काय म्हणतो ते लगेच कळेल. म्हणून लाँगसोर्ड येणाऱ्याला पट्टा फुकट नाही. मी कट्यार आणि पट्टा मिळून एक छोटा गट करतो, कारण दोन्हींत मूठ आडवी आणि पातं हाताच्या सरळ रेषेत पुढे. कट्यार भोसकते आणि पट्टा कापतो, हे मान्य आहे. तरी तलवारीपेक्षा हे नातं जवळचं.

विटा, म्हणजे मनगटाला दोरी बांधून फेकायचा नि परत ओढायचा भाला, कुठे घालावा यावर मी बरंच डोकं खाजवलं. उत्तर सापडलं अग्निपुराणात. तिथल्या धनुर्वेदात आयुधांचे प्रकार पाडलेत ते ती हातातून सुटतात कशी यावरून: यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त. फेकून पुन्हा हाती घ्यायचं ते मुक्तसंधारित. विट्यासाठी याहून नेमकं घर शोधून सापडणार नाही.

६. गटाची किंमत लावा.

गट फुकट दिला की फायटरचं वेगळेपण संपतं. १९८९च्या ‘कम्प्लीट फायटर्स हँडबुक’मधला हिशोब मला आजही चोख वाटतो: जवळच्या शस्त्रांचा लहान गट दोन स्लॉटना (म्हणजे प्रावीण्याच्या घरांना), मोठा गट तीन स्लॉटना. फायटरकडे सुरुवातीला चार स्लॉट असतात, म्हणजे मोठा गट घेतला की एक उरतो. जादूगाराकडे एकच, त्यामुळे त्याला लहान गटही परवडत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या आवृत्तीतला शेजारधर्माचा नियमही सोडू नका: शिकलेल्या शस्त्राशी मिळतंजुळतं शस्त्र घेतलं तर दंड साधारण निम्मा, फायटरला वजा २ऐवजी वजा १.

७. फार मोठा गट म्हणजे गट नसल्यासारखंच. ‘बाल्डर्स गेट’ या १९९८च्या संगणक-खेळात ‘लार्ज सोर्ड’ शिकलं की लाँगसोर्ड, बास्टर्ड सोर्ड आणि दोन हाती तलवार सगळं आलंच. बहुतेक जण तेच घेत. २०००च्या दुसऱ्या भागात त्यांनी तलवारी सुट्या केल्या, आणि चुकीच्या तलवारीवर गुण घालून बसलेले लोक पुन्हा आपले ‘चांगली कटाना कुठे मिळते’ विचारत फिरू लागले. मधला रस्ता दोन्ही वेळा हुकला.

८. वर्गाची बंदी गटाच्या वर.

जुन्या नियमाने क्लेरिकच्या वर्गाला धारेचं शस्त्र वर्ज्य. मी कुऱ्हाड-गदा एकत्र केल्यावर एका चतुर क्लेरिकने गदा शिकून कुऱ्हाड मागितली. युक्तिवाद बिनतोड, पण उत्तर नाही. कुठली शस्त्रं शिकायला सोपी जातील ते गट ठरवतो. देव काय हातात धरू देतो ते वर्ग ठरवतो. ही ओळ यादीच्या डोक्यावरच लिहून टाका.

९. पाचव्या आवृत्तीत गट कशाला, असं विचाराल.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीपासून साधी, लढाऊ अशी ढोबळ विभागणी आली, अनोळखी शस्त्राला सरसकट वजा ४. हे शस्त्रांपेक्षा वर्गांचे गट आहेत, असं माझं स्पष्ट मत. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत दंडही गेला. फक्त प्रावीण्याची बेरीज मिळत नाही, जी पहिल्या पातळीला २ आणि सतराव्यापासून ६ असते. फायटरला सगळंच येतं, तेव्हा तिथे माझी यादी बिनकामाची होती. पण २०२४च्या नियमांत ‘वेपन मास्टरी’ आली. फायटर सुरुवातीला तीन प्रकारची शस्त्रं निवडतो आणि त्यांचे खास डाव खेळतो. दीर्घ विश्रांतीनंतर त्यातलं एक बदलता येतं. तिथे यादी पुन्हा कामाला आली. आमच्याकडे ज्या गटातलं एक शस्त्र निवडलंय, त्याच गटातलं दुसरं विश्रांतीची वाट न बघता बदलून घेता येतं. खेळाचा तोल यामुळे बिघडलेला मला दिसला नाही.

माझी सध्याची यादी हवी असेल तर ही घ्या: कापणाऱ्या तलवारी, रेपियर आणि तिच्या बहिणी, खंजीर-सुरे, कुऱ्हाड-गदा-हातोडा, साखळीची शस्त्रं, भाले, लांब दांड्याची शस्त्रं, काठी, धनुष्यं, क्रॉसबो, गोफण आणि फेकायची शस्त्रं, मुक्तसंधारित, कट्यार-पट्टा. पात्रं बनवायच्या आधी ती टेबलावर सगळ्यांसमोर ठेवा आणि भांडणं तेव्हाच उरकून घ्या. एखादा गट तुमच्या टोळीला जाच करत असेल तर बेलाशक मोडा; फक्त मोहिमेच्या मध्यावर मोडू नका, कारण तोवर कोणीतरी त्याच्यासाठी दोन स्लॉट मोजलेले असतात.