बिल कमी आलं, पण वर्ग गार आहे का?

चि. सायलीस,


शाळेच्या इमारतीचा विजेचा हिशेब मांडायचं काम मिळालं, वाचून आनंद झाला. एनर्जीप्लस सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं मॉडेल तयार आहे आणि वर्षाची युनिटं ‘फारच कमी’ येतात, असं लिहिलंस. नुसत्या पंख्या-दिव्यांवर चालणाऱ्या शाळेची युनिटं कमी येणारच, बाई! त्यात इमारतीचं कर्तृत्व किती आणि मुलांचा घाम किती, हे मीटर सांगत नाही.

आपल्या हैदराबादेत ट्रिपल आयटी आणि अमेरिकेतली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा यांनी काळ्या गच्च्या पांढऱ्या करून मोजमाप केलं होतं. गच्चीच्या दर चौरस मीटरमागे वर्षाला २० ते २२ युनिटं वाचली, थंडाव्याची वीज १४ ते २६ टक्क्यांनी उतरली. हे आकडे तुझ्या अहवालात उचलून ठेवू नकोस. त्या इमारती व्यापारी, एसीवाल्या. तुझ्या शाळेत एसीच नाही, तर वाचणार काय? तिथं पांढऱ्या रंगाचा गुण दिसेल तो वरच्या मजल्याच्या तापमानात. तळमजल्याला फारसा फरक जाणवणार नाही. म्हणून दोन्ही मजल्यांवर तापमान नोंदवणारे लॉगर लाव, ऊन पडणार नाही अशा जागी, बाकावर बसलेल्या मुलाच्या उंचीला.

आणि एसीवाल्या खोलीची २४ अंशांची फूटपट्टी लावून शाळेला नापास करू नकोस. माधवी इंद्रगंटी यांनी २००८ मध्ये इथल्या फ्लॅटांत पाहणी केली, तेव्हा लोकांना २९ अंशांच्या आसपास बरं वाटत होतं. अर्थात, घरात माणूस उठून खिडकीपाशी जाऊ शकतो. वर्गात कोण उठू देतंय?

वेळापत्रकही तपास. तेलंगणात मार्चच्या मध्यापासून शाळा अर्धा दिवस भरतात, एप्रिलअखेर सुट्टी लागते. सॉफ्टवेअरला हे कुठून ठाऊक? तुझं मॉडेल मे महिन्यात पंखे फिरवत असेल, तेव्हा शाळेला कुलूप असतं. हवामानाची फाइल बेगमपेट विमानतळाची असेल, तर तुझी शाळा तिथून किती लांब, तेही बघ.

महिन्याच्या बिलांशी मॉडेल जुळवताना एकूण फरक ५ टक्क्यांच्या आत हवा, हा नियम तुला पाठ असेलच. पण तो साधायला पंख्यांचे तास ओढूनताणून बसवू नकोस. आधी वॉचमनला विचार, संध्याकाळी पंखे कोण बंद करतं, आणि बोअरची मोटर कोणत्या मीटरवर आहे. मग मला फाइल पाठव.

तुझा,
काका