आपल्या जमिनीत दुसऱ्याची शिकार : मालकावर काय येते?



भात तयार होऊ लागले की कोकणातील वाड्यावाड्यांत रानडुकरांखेरीज दुसरा विषय नसतो. कळप एका रात्रीत वर्षाची मेहनत तुडवून जातो. मग कोणी बंदूकवाला येऊन विचारतो, "डुकरे तुमच्या बागेतून उतरतात, रात्री बसू का?" त्रासलेला मालक म्हणतो, "बसा." या एका शब्दाने त्याच्यावर काय येते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

एका बागायतदार चाचांनी जुम्याच्या नमाजनंतर हाच प्रश्न मांडला. त्यांच्या काजूच्या बागेत जुनी कोरडी विहीर आहे. गुरे तिकडे जाऊ नयेत म्हणून त्यांनी ती फांद्या आणि पेंढा टाकून झाकली होती. परवानगी घेऊन आलेल्या तिघांपैकी एक तरुण अंधारात तिच्यात पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. चाचा म्हणाले, "मौलाना, जमीन माझी, विहीर माझ्या आजोबांनी खोदलेली. मी कोणाला ढकलले नाही. मग माझ्यावर काय?"

प्रथम 'परवानगी' या शब्दाचाच विचार करू. फिकहनुसार रानातील जनावर धरले जाईपर्यंत कोणाच्याही मालकीचे नसते. ते ज्याच्या जमिनीत फिरते त्याचेही नसते. देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसारही पिकाची नासधूस करणारे जनावर मारण्यास वन विभागाच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. म्हणजे जनावर मारण्याची मुभा चाचांच्या हाती नव्हतीच. त्यांच्या हाती होती ती एकच गोष्ट, जमिनीत येऊ देणे. ती त्यांनी दिली, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतो.

चाचांच्या बाजूने एक प्रसिद्ध हदीस आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची ही रिवायत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की मोकळ्या जनावराने केलेली इजा, विहिरीत पडून झालेली हानी आणि खाणीतील अपघात यांची भरपाई मालकावर येत नाही. परंतु फुकहांनी हा हुकूम सरसकट लावला नाही. स्वतःच्या मालकीत किंवा ओसाड रानात खोदलेली विहीर यात येते. येण्याजाण्याच्या रस्त्यात कोणी खड्डा खणला आणि वाटसरू पडला, तर खणणारा जबाबदार ठरतो.

आता आपल्या प्रश्नाच्या मर्मावर येऊ. कोकणातील आपण बहुतेक शाफई. इमाम नववी (रह.) यांच्या 'मिन्हाजुत्तालिबीन' या ग्रंथात नेमका असाच मसला आहे. एकाने आपल्या घराच्या देवडीत विहीर खोदली, दुसऱ्याला घरी बोलावले आणि तो तिच्यात पडला. इमाम नववींनी 'अजहर', म्हणजे इमाम शाफई (रह.) यांच्या दोन मतांपैकी अधिक प्रबळ, म्हणून जे मत दिले आहे त्यानुसार बोलावणाऱ्यावर भरपाई येते. शरहकारांनी खुलासा केला आहे की विहीर झाकलेली असावी किंवा अंधारामुळे दिसत नसावी, आणि मालकाने सावध केलेले नसावे. सावध केले असते, किंवा पाहुण्याने विहीर पाहिली असती, तर भरपाई आली नसती.

देवडी आणि काजूची बाग यांत मला फरक दिसत नाही. विहीर आजोबांनी खोदली हे खरे. पण तिच्यावर पेंढा चाचांनी घातला आणि रात्रीच्या वेळी "बसा" हेही चाचांनीच म्हटले. येणाऱ्याला धोका ठाऊक नव्हता, त्यांना होता.

घाटावरील हनफी वाचक येथे म्हणतील की आमच्याकडे याहून सवलत आहे. ते बरोबर आहे. उस्मानी राज्यात हनफी फिकहवरून तयार झालेल्या 'मजल्ला'च्या ९१ व्या कलमात, जे करण्याची शरीअतने मुभा दिली आहे त्यातून भरपाई उद्भवत नाही असा नियम आहे, आणि त्याचे उदाहरणही स्वतःच्या जमिनीतील विहिरीचेच आहे. मात्र ही सवलत मुभा असलेल्या कृतीलाच आहे. कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडणे किंवा पायवाटेवर तारेची फासकी लावून ठेवणे याला मुभा कोणत्या मजहबने दिली आहे? त्या तारेने डुकराआधी पहाटे बाहेर पडलेला शेजारी मरतो. फासकीत बिबट्या अडकतो. अशा मालकाला विहिरीच्या हदीसचा आधार घेता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंदुकीची गोष्ट निराळी. झाडीत हालचाल दिसली, गोळी सुटली आणि सोबती मेला, तर ज्याने चाप ओढला तोच थेट कर्ता. हेतू नसला तरी सूरह निसाच्या ९२ व्या आयतीनुसार वारसांना दियत देणे आणि कफ्फारा त्याच्यावर येतो. गुलाम मुक्त करणे आज शक्य नसल्याने कफ्फारा म्हणजे सलग दोन महिन्यांचे रोजे. केवळ आत येऊ दिल्यामुळे जमीनमालकावर यातले काही येत नाही. पण ओढ्यापलीकडे गुराख्याची झोपडी आहे हे ठाऊक असताना तो गप्प राहिला असेल, तर त्या गप्प बसण्याचा जाब त्याला अल्लाहसमोर द्यावा लागेल.

चाचांना मी सांगितले की तरुणाच्या उपचारांचा खर्च तुमच्याकडे येतो. हाड मोडल्याबद्दल याखेरीज काय द्यावे याची बांधलेली रक्कम नाही. दोन जाणत्या माणसांना बसवून, त्याच्या घरच्यांच्या संमतीने ती ठरवा. न्यायालय काय म्हणेल याची वाट पाहू नका. आणि विहिरीवरचा पेंढा काढून तिला कठडा बांधा.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या रात्री चौथा एक पोरगाही गडगा ओलांडून आला होता. त्याला मी बोलावले नव्हते, तो आलेला मला कळलाही नाही. तो पडला असता तर?" तर भरपाई आली नसती, मी म्हणालो. मात्र कण्हणे ऐकू आल्यावर कंदील घेऊन बाहेर पडणे तेव्हाही तुमच्यावर फर्जच होते.