चीनला निघण्याआधी चिनी शिका

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड, सोलापूरकडून मला फोन यायला लागतात. बहुतेकदा कुणाचे तरी वडील असतात. "डॉक्टरसाहेब, तुम्ही तिकडं शिकून आलात म्हणून तुमचा नंबर घेतला. पोराला चायनाला पाठवावं म्हणतो. एजंट म्हणतोय, सगळं इंग्लिशमध्येच असतं, भाषेची काही अडचण येत नाही." या शेवटच्या वाक्याला मी त्यांना थांबवतो. मी चीनमध्ये एमबीबीएस केलं, आज मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी रुग्ण तपासतो. त्या देशाने मला खूप दिलं आणि त्याची मला जाणीव आहे. म्हणूनच स्पष्ट सांगतो, चिनी शिकायची तयारी नसेल तर डॉक्टर व्हायला चीनला जाऊ नका.

पहिली दोन-तीन वर्षं एजंटचं म्हणणं खरं वाटतं. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री इंग्रजीतून शिकवतात. काही प्राध्यापकांचं इंग्रजी उत्तम असतं, काही जण स्लाइड वाचून दाखवतात. पण पुस्तकं आपल्या हातात असतात, त्यामुळे निभावून जातं. अडतं ते वॉर्डात पाऊल टाकल्यावर.

पोटविकारांच्या वॉर्डातला एक राउंड सांगतो. प्राध्यापक पुढे, चिनी विद्यार्थी त्यांच्याभोवती, आम्ही परदेशी मुलं मागे. केसपेपर चिनीत, सोनोग्राफीचा रिपोर्ट चिनीत, प्राध्यापकांचे प्रश्नही चिनीत. एका आजींची हिस्ट्री घ्यायला मला सांगितलं. दुखतंय का, कुठे, कधीपासून, एवढं मला विचारता येत होतं. आजींनी मात्र आपल्या गावाकडच्या बोलीत भरभरून सांगायला सुरुवात केली. हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवला, मग पाठीकडे नेला, पुन्हा पोटावर आणला. माझ्या वहीत फक्त किती आठवडे झाले तेवढं उतरलं. त्याच बोलण्यातून शेजारच्या चिनी वर्गमित्राला कळलं होतं की दुखणं जेवल्यावर वाढतं, पाठीत जातं, भूक मेली आहे आणि वजन उतरलंय. पुढे कोणत्या तपासण्या करायच्या हे तो सांगत होता, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. पुढे त्याच्याशी ठरवलं : मी त्याला इंग्रजी शिकवायचं, त्याने मला वॉर्डातली चिनी. खऱ्या अर्थाने माझं वैद्यकीय शिक्षण तिथून सुरू झालं.

चिनी भाषेची एचएसके नावाची परीक्षा असते. वॉर्डात इंटर्नशिप करायची तर बहुतेक विद्यापीठं तिची चौथी पातळी मागतात. आमच्या वेळी त्या पातळीला साधारण 1,200 शब्द यावे लागत. परीक्षा पास होण्यापुरते शब्द पाठ करणारी मुलं वॉर्डात मुकीच राहतात, कारण रुग्ण परीक्षेतली भाषा बोलत नाही.

परत आल्यावर काय होतं, तेही नीट समजून घ्या. भारतात वैद्यकी करायची तर एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते : 300 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 150 गुण. सप्टेंबर 2022 मध्ये बीजिंगच्या भारतीय दूतावासाने काढलेल्या सूचनेत आकडे दिले होते. 2015 ते 2021 या काळात चीनमध्ये शिकलेले 40,417 विद्यार्थी परीक्षेला बसले, त्यातले 6,387 उत्तीर्ण झाले. म्हणजे शंभरातले सोळा. ही सगळी मुलं आळशी नव्हती. त्यातल्या कित्येकांनी रुग्णाशी न बोलता वैद्यकीची वर्षं काढली होती, आणि रुग्णावर बेतलेला प्रश्न समोर आला की पाठांतर कामी येत नाही.

त्यातच नोव्हेंबर 2021 पासून आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम कडक झाले. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि ज्या देशात शिकलात त्या देशात डॉक्टरकी करायला तुम्ही पात्र असायला हवं. दूतावासाने त्याचा अर्थ स्वच्छ सांगितला : त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांना चीनमधला परवाना मिळवता आला नाही तर एफएमजीईला बसता येणार नाही. चीनची परवाना परीक्षा चिनी भाषेत असते. "भाषेची अडचण येत नाही" म्हणणाऱ्याला हा नियम दाखवा आणि त्याचं उत्तर लेखी मागा.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकातल्या चकचकीत इमारती बघू नका. इंग्रजीतून एमबीबीएस शिकवायला चीनच्या शिक्षण मंत्रालयाने 45 विद्यापीठांना परवानगी दिल्याचं दूतावासाच्या त्याच सूचनेत म्हटलं होतं. अर्धं इंग्रजी, अर्धं चिनी असा अभ्यासक्रम चालत नाही. प्रवेशाच्या वर्षीची ताजी यादी आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे ताजे नियम स्वतः वाचा. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा, पावती स्वतःकडे ठेवा. आणि तिथे शेवटच्या वर्षाला असलेल्या एखाद्या मराठी मुला-मुलीशी बोला. "वॉर्डात तुला रुग्णाला हात लावू देतात का? परवा कोणता रुग्ण पाहिलास?" एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर अडखळलं तर समजून जा.

पोहोचल्यावरचे नियमही मोडून चालत नाहीत. सहा महिन्यांहून जास्त शिकायला एक्स-1 व्हिसा लागतो आणि आल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. हॉटेलबाहेर कुठेही राहिलात तर 24 तासांत पोलिसांकडे नोंद करायची. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला 500 युआन दंड, 10,000 पर्यंत. विनापरवानगी नोकरीला 5,000 ते 20,000 युआन. आमच्या वरच्या वर्गातला एक गुणी मुलगा घरच्यांवर भार नको म्हणून शनिवार-रविवारी लहान मुलांना इंग्रजी शिकवायला जायचा. एक दिवस पोलीस आले आणि दंडाची रक्कम त्याच्या वडिलांना गावात हातउसनी करावी लागली. परवानगीची रीतसर वाट असते, विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन विचारा. तसंच ओळखीतून स्वस्तात युआन घ्यायचा मोह आवरा. तो पैसा गुन्ह्यातला निघाला तर खातं तुमचं गोठतं.

रोजच्या जगण्यातल्या अडचणी त्या मानाने लहान आहेत. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप तिथे चालत नाहीत, म्हणून घरच्यांच्या फोनवर वीचॅट आधीच घालून द्या. यांगत्सेच्या दक्षिणेला जाणार असाल तर जाड पांघरूण न्या. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सरकारी यंत्रणेतून घरं गरम ठेवतात, दक्षिणेला ती सोय नाही, आणि तिथली दमट थंडी हाडात शिरते. होस्टेलवर शेगडी आणि कुकर जप्त होतात. शाकाहारी मुलांना टोमॅटो-अंडं किंवा बटाट्याच्या किसाच्या भाजीवर दिवस काढावे लागतात आणि अंडंही न खाणाऱ्याला पर्याय फार थोडे उरतात. भाजीत डुकराची चरबी घातली आहे का, हेही चिनीतच विचारावं लागतं.

फिरा मात्र भरपूर. बीजिंग ते शांघाय 1,318 किलोमीटर, वेगवान रेल्वेने साडेचार तासांच्या आसपास. मूळ पासपोर्ट कायम जवळ हवा, तिकीट त्याच्यावरच निघतं. चिनी नववर्ष आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, सगळा देश रस्त्यावर असतो. पॉवर बँकेवर तिथलं थ्री-सी चिन्ह नसेल तर जून 2025 पासून देशांतर्गत विमानात ती नेऊ देत नाहीत. मोठ्या शहरात अनोळखी मुलामुलींनी गोड इंग्रजीत चहाला बोलावलं तर हसून नकार द्या, शेवटी येणारं बिल डोळे पांढरे करतं.

एक जागा मात्र चुकवू नका. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा पुतळा आहे. 1938 मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. तिथल्या लोकांना ते 'ख दीह्वा' म्हणून माहीत आहेत. पुतळ्यापाशी भेटलेल्या एका निवृत्त शिक्षकांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं की मीही महाराष्ट्रातला आहे. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ कोटणिसांबद्दल बोलत राहिले. कोटणीस चिनी शिकले होते, रुग्णांशी चिनीतच बोलत होते. त्यांना तिथे मिळालेल्या प्रेमामागे त्यांची शस्त्रक्रिया जेवढी होती तेवढीच ही भाषाही होती, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आईवडिलांना माझं एकच सांगणं आहे. जमिनीवर कर्ज काढण्याआधी, एजंटला आगाऊ रक्कम देण्याआधी, मुलाला तीन महिने चिनीच्या वर्गाला घाला. पुण्या-मुंबईत वर्ग आहेत, ऑनलाइनही आहेत. तीन महिन्यांनी तो आवडीने वही उघडत असेल तर निर्धास्त पाठवा, वॉर्डात तो मागच्या रांगेत राहणार नाही. त्याला कंटाळा आला असेल तर त्याच पैशांत इथे दुसरं काय शिकता येईल ते त्याच्यासोबत बसून ठरवा. वर्गाची फी वाया गेली तर फार बिघडत नाही, पोराची ऐन उमेदीची सहा वर्षं जाता कामा नयेत.