यात्रेतील नेहमीच्या अडचणी आणि सेवेकरी मंडळाचे संकेतस्थळ



देवदर्शनाची ओढ मनात धरून निघालेल्या माणसाच्या वाटेत अडचणी येणे स्वाभाविक आहे. निवासाची खोली मिळत नाही, दर्शनाच्या रांगेत वडीलधारे माणूस मागे राहते, गर्दीत मोबाईल नाहीसा होतो, देणगी देऊनही पावती हाती येत नाही. या अडचणी नव्या नाहीत आणि त्यांची उत्तरेही फारशी अवघड नाहीत. मात्र ती उत्तरे अडचणीच्या क्षणी आठवत नाहीत, कारण त्या वेळी मन ठिकाणावर नसते. म्हणूनच सेवेकरी मंडळाने आपल्या संकेतस्थळावर ही माहिती एकत्र ठेवली आहे. ती घर सोडण्यापूर्वी शांतपणे वाचावी आणि प्रसंग आल्यास तिचा उपयोग कसा करावा, हे सांगणे हा या पाठाचा हेतू आहे.

परंपरा जुनी, साधन नवे

यात्रेकरूची अडचण यात्रेकरूनेच दूर करावी, ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर सायंकाळी समाजआरती होते. सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदारांनी चोप उंचावला की टाळमृदंगाचा घोष थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात आणि त्याची तड लावतात. त्यानंतर हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली जाते, दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीची वेळ सांगितली जाते आणि मगच आरती होते.

प्रयागच्या मेळ्यातही अशीच सेवा उभी राहिली. १९४६ साली राजाराम तिवारी नावाच्या तरुणाने गर्दीत चुकलेल्या एका वृद्ध स्त्रीला तिच्या माणसांकडे पोहोचविले. पत्र्याचा कर्णा करून तो तोंडाशी धरावयाचा आणि नावे पुकारीत फिरावयाचे, एवढेच त्या काळी साधन होते. त्यातून ‘भूले-भटके शिबिर’ सुरू झाले. तिवारी २०१६ साली निवर्तले, पण सेवा थांबली नाही.

सूचना सर्वांना कळणे, हरवल्या-सापडल्याची वार्ता एके ठिकाणी मिळणे आणि गाऱ्हाणे ऐकणारे कोणी असणे, ही तीन कामे समाजआरतीत होतात. संकेतस्थळावरील ‘सूचना’, ‘हरवले-सापडले’ आणि ‘अडचण कळवा’ या तीन पानांचे कामही तेच आहे. ही तीन पाने ओळखली म्हणजे उरलेले सोपे आहे.

पहिली काळजी : पत्ता खरा असावा

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना उद्देशून एक इशारा प्रसिद्ध केला होता. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधाम यात्रेकरूंसाठी निवासव्यवस्था, सहलींची आरक्षणे यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरील खोटी पाने आणि शोधयंत्रांवरील जाहिराती यांद्वारे भाविकांची फसवणूक होत असल्याचे त्यात म्हटले होते. पैसे भरल्यानंतर समोरचा दूरध्वनी बंद होतो आणि भाविक क्षेत्री पोहोचल्यावर त्याच्या नावाची खोलीच नसते. रात्रीच्या वेळी लहान मुले व वृद्ध यांच्यासह अशी पाळी येणे किती क्लेशदायक, हे सांगावयास नको.

यावर उपाय साधा आहे. संकेतस्थळाचा पत्ता शोधयंत्रात नाव टाकून घेऊ नये. शोधयादीत सर्वांत वर येते ते पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. पत्ता छापील पुस्तिकेवरून, पावतीवरून किंवा संस्थानच्या फलकावरून अक्षरशः उतरून घ्यावा. आपल्या मंडळाचा पत्ता या पुस्तिकेच्या मलपृष्ठावर छापला आहे. पत्त्यापुढे कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ खरे, असा समज आहे, तो बरोबर नाही. त्या चिन्हाचा अर्थ इतकाच की मधल्या वाटेत आपली माहिती कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, खोलीचे भाडे एखाद्या व्यक्तीच्या नावे मागितले गेल्यास भरू नये. पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर येणारे खातेदाराचे नाव वाचावे. दोन, यूपीआयचा गुप्त क्रमांक पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. ‘परतावा जमा करतो, क्रमांक टाका’ असे कोणी म्हणाले तर तो फसवीत आहे, असे निश्चित समजावे. तीन, ओळखपत्र पाठविण्याची वेळ आल्यास ज्यावर आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंकच दिसतात अशी आधारची झाकलेली प्रत पाठवावी. ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ते गोठविता येण्याचा संभव असतो. म्हणून येथे प्रत्येक मिनिटाला मोल आहे. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव हाताशी ठेवून बोलावे.

माणूस चुकल्यास

वस्तू हरवली तर पुन्हा घेता येते. माणूस चुकले तर सारी यात्राच थांबते. म्हणून येथील तयारी सर्वांत आधी करावी.

पालखी सोहळ्यात चुकलेल्या वारकऱ्याला कोणी विचारले, तर तो आपला दिंडी क्रमांक सांगतो आणि दिंडी रथापुढील की रथामागील, हे सांगतो. एवढ्यावरून लाखोंच्या समुदायात त्याची माणसे सापडतात. आपल्या कुटुंबालाही असा पत्ता द्यावा. वृद्धांच्या खिशात आणि मुलांच्या कपड्याला आतून एक चिठ्ठी लावावी. तिच्यावर सोबतच्या दोन व्यक्तींचे मोबाईल क्रमांक, निवासाचे ठिकाण आणि नियमित औषध असल्यास त्याचे नाव लिहावे. मोबाईलमध्ये साठविलेले क्रमांक मोबाईलबरोबरच जातात. चिठ्ठी मात्र माणसाबरोबर राहते. सकाळी निघतानाच सर्वांचे एक छायाचित्र घ्यावे, म्हणजे त्या दिवशीचे कपडे आठवावे लागत नाहीत. चुकल्यास कोठे भेटावयाचे, ती जागाही आधीच ठरवावी.

प्रत्यक्ष कोणी चुकल्यास प्रथम जवळच्या सेवेकऱ्याला व पोलिसाला सांगावे, ११२ क्रमांकावर कळवावे आणि त्यानंतरच संकेतस्थळाच्या ‘हरवले-सापडले’ पानावर नोंद करावी. चोवीस तास थांबल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, हा गैरसमज आहे. बालक हरवल्यास गुन्हा नोंदविणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच स्पष्ट केले आहे. मुलांसाठी १०९८ हा मदतक्रमांकही आहे. चुकलेले मूल आपल्याला आढळल्यास त्याला स्वतःबरोबर फिरवू नये आणि त्याचे छायाचित्र सर्वत्र पाठवू नये. ते आढळले त्याच जागेजवळच्या मदत कक्षात किंवा पोलिसांकडे न्यावे, कारण त्याची आई बहुधा त्याच जागी परत येते.

मोबाईल हरवल्यास

आज मोबाईलमध्ये पैसे, तिकिटे आणि घरच्यांचे क्रमांक असे सारेच असते. प्रत्येक मोबाईलला पंधरा अंकांचा एक ओळखक्रमांक असतो. यंत्रावर *#०६# ही कळ दाबली की तो दिसतो. घरून निघण्यापूर्वी हा क्रमांक कागदावर लिहून मोबाईलपासून वेगळा ठेवावा. हरवल्यास प्रथम दुसऱ्याच्या मोबाईलवरून सेवा कंपनीस कळवून आपले सिमकार्ड बंद करावे आणि बँकेसही सूचना द्यावी. पोलिसांत तक्रार नोंदवून त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घ्यावे. त्यानंतर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो ओळखक्रमांक देऊन यंत्र देशभरातील जाळ्यांवर बंद करविता येते. मोबाईल परत मिळाल्यास ते पुन्हा सुरूही करता येते. याची पायरीवार माहिती मंडळाच्या पानावर आहे आणि मदत कक्षातील सेवेकरी अर्ज भरण्यास साहाय्य करतात.

देणगी आणि पावती

देणगीची पावती जागेवरच मागून घ्यावी. पावती मागण्यात अश्रद्धा नाही. उलट त्यामुळे आपले दान देवापर्यंतच पोहोचल्याची खूण राहते. दुकानाच्या खांबावर किंवा रांगेच्या कठड्यावर चिकटविलेल्या संकेतचौकटीवर मोबाईल धरून पैसे पाठवू नयेत. एकावर दुसरा कागद चिकटविणे अवघड नसते. आयकरात सवलत हवी असल्यास दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. संस्थेस त्यासाठीची मान्यता असावी लागते. तसेच २०१७ च्या बदलानंतर २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास तिच्यावर वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीचा पर्याय घेणाऱ्यांना ही वजावट लागू होत नाही. पावतीवरील नाव व पॅन क्रमांक तेथेच तपासून पाहावेत, कारण चूक मागाहून दुरुस्त करण्यास वेळ लागतो.

अडचण कशी लिहावी

‘अडचण कळवा’ या पानावर लिहिताना पुष्कळ भाविक केवळ मनातील खेद लिहितात. उदाहरणार्थ, ‘आमची फार गैरसोय झाली, कोणी लक्ष दिले नाही, कृपया दखल घ्यावी.’ हा खेद खरा असतो, पण त्यावरून सेवेकऱ्याला काय करावयाचे ते कळत नाही. तीच गोष्ट पुढीलप्रमाणे लिहिली तर काम लवकर होते : ‘मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास पूर्वेकडील दरवाजाजवळच्या रांगेत माझ्या आईची तपकिरी कापडी पिशवी राहिली. तिच्यात चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. आम्ही बुधवारी सकाळी नऊपर्यंत भक्तनिवासात आहोत.’

केव्हा, कोठे, काय आणि आपण कधीपर्यंत येथे आहोत, या चार गोष्टी लिहिल्या की पुरे. आधार क्रमांक, बँकखात्याचे तपशील किंवा गुप्त क्रमांक कधीही लिहू नयेत. मंडळाचा कोणताही सेवेकरी ते विचारत नाही. लिहिण्यापूर्वी ‘सूचना’ पान एकदा पाहावे. दर्शनाच्या वेळेतील बदल किंवा बंद असलेला रस्ता यांविषयीचे उत्तर तेथे आधीच दिलेले असू शकते. अडचण दूर झाल्यावर तेही एका ओळीत अवश्य कळवावे. वस्तू सापडूनही नोंद तशीच राहिली, तर सेवेकरी ती शोधीतच राहतात.

संकेतस्थळाची मर्यादा

हे काम पगारी माणसे करीत नाहीत. आपापली नोकरी, शेती, दुकान सांभाळून मंडळी आळीपाळीने उत्तरे लिहितात. त्यामुळे उत्तरास काही तास लागू शकतात. ज्या प्रसंगी थांबणे धोक्याचे आहे, तो संकेतस्थळावर लिहू नये. छातीत दुखणे, भोवळ येणे, चेंगराचेंगरीची भीती वाटणे अशा वेळी जवळच्या सेवेकऱ्यास हाक मारावी आणि ११२ वर कळवावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

तसेच अनेक वृद्ध भाविकांना संकेतस्थळ वापरता येत नाही आणि यावे अशी अपेक्षाही नाही. त्यांच्यासाठी मदत कक्ष पूर्वीप्रमाणेच चालू आहे. घरातील तरुणांना मात्र एक विनंती आहे. आई-वडील किंवा आजी-आजोबा यात्रेस निघतील, तेव्हा त्यांना केवळ मोबाईल हाती देऊन निरोप देऊ नये. पंधरा मिनिटे त्यांच्याजवळ बसावे, ‘सूचना’ पान वाचून दाखवावे, खोलीचे आरक्षण पत्ता पडताळून स्वतः करावे, आणि मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून त्यांच्या खिशात ठेवावी. त्यांच्या यात्रेतील आपला सहभाग तो हाच.

यात्रा निर्विघ्न झाल्यावर आपल्याला आलेली अडचण आणि तिच्यावर सापडलेला उपाय मंडळास जरूर कळवावा. तो पडताळून पुढील यात्रेकरूंसाठी संकेतस्थळावर ठेवला जाईल. आज ज्याला साहाय्य मिळाले, त्याने उद्याच्या यात्रेकरूस वाट दाखवावी, यातच या सेवेचे सार्थक आहे. आपली यात्रा सुखरूप घडो व दर्शनाचा लाभ सर्वांना होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.