पारा किती चढला? – उन्हाची नोंद कशी ठेवावी



मार्चच्या मध्यावर शाळा अर्ध्या दिवसाची झाली, की मधल्या सुट्टीत एकच चर्चा सुरू होते : "आज किती डिग्री?" गेल्या उन्हाळ्यात आठवीच्या तिघांचा यावरून चांगलाच वाद झाला. एकाने घराच्या गच्चीवर, भिंतीला तापमापी टांगली होती. ती दुपारी ५१ अंश दाखवत होती. दुसऱ्याने वर्तमानपत्रात ४१ वाचले होते. तिसरीच्या वडिलांच्या मोबाईलवर ४३ होते. तिघेही निवाड्यासाठी माझ्याकडे आले. "सर, खरे कोणाचे?"

मी म्हणालो, "आधी सांगा, तुम्ही मोजले काय?" या एका प्रश्नातच आजचा पाठ आहे.

हवेचे तापमान आणि उन्हाचे तापमान

हवामान खाते जे तापमान सांगते ते सावलीतील हवेचे असते. उन्हात टांगलेली तापमापी हवा मोजत नाही. ती स्वतः उन्हात तापते, मागची भिंतही तिला तापवते, आणि ती आपलाच ताप दाखवते. म्हणून गच्चीवरचे ५१ अंश हे हैदराबादचे तापमान नव्हते, त्या तापलेल्या काचेचे होते.

यावरचा उपाय थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात शोधला. पांढरा रंग दिलेली, चारही बाजूंनी झडपांच्या फळ्या असलेली लाकडी पेटी. आत वारा खेळतो, पण ऊन शिरत नाही. पेटी जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत ठेवतात. आपल्याकडे तिचे दार उत्तरेकडे असते, म्हणजे उघडल्यावरही ऊन आत येत नाही. हा स्टीव्हन्सन 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप, हेही लक्षात ठेवा.

जगभर नियम सारखे असल्यामुळेच बेगमपेटचा आकडा नागपूरच्या किंवा परभणीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. हैदराबादचा आजवरचा उच्चांक ४५.५ अंश आहे. तो २ जून १९६६ रोजी नोंदला गेला. २ जून म्हणजे रोहिणी नक्षत्राचे दिवस. रोहिणीच्या उन्हाने दगडी उखळसुद्धा तडकते, असे आपले तेलुगू शेजारी म्हणतात ते उगीच नाही.

हौशी निरीक्षक

आज हवामानाची नोंद ठेवणारे केवळ सरकारी अधिकारी नाहीत. आपल्या शहरातील टी. बालाजी 'तेलंगणा वेदरमॅन' म्हणून ओळखले जातात. तमिळनाडूत प्रदीप जॉन यांचे असेच नाव आहे. दोघेही हवामान खात्याचे नोकर नाहीत. आवडीपोटी आकडे पाहत आणि ताडत गेले, म्हणून लोक त्यांचे ऐकू लागले. तेलंगणात राज्याच्या नियोजन संस्थेची हजाराहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत. त्यामुळे एकाच दुपारी एकाच शहराच्या दोन भागांत दोन-तीन अंशांचा फरक दिसू शकतो. जिथे सिमेंट आणि डांबर जास्त, झाडे कमी, तिथे रात्रही गरम राहते. दिवसभर प्यालेली उष्णता भिंती रात्री बाहेर टाकतात. मोबाईलवरचा आकडा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेला नसून गणिताने काढलेला अंदाज असतो, म्हणून तोही वेगळा येतो.

यंत्रही चुकते

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, दुसऱ्याने ५४. बातमी वाऱ्यासारखी पसरली. पण शहरातील इतर दोन केंद्रे ४४ च्या आसपास होती. एकाच शहरात बारा अंशांचा फरक कसा पडेल? तपासल्यावर संवेदक बिघडल्याचे हवामान खात्याने सांगितले. त्याच्या आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते. तिथले यंत्रही सुमारे तीन अंश जास्त दाखवत होते.

चांगला निरीक्षक मोठा आकडा पाहून आनंदाने उड्या मारत नाही. तो आधी शेजारच्या केंद्राचा आकडा पाहतो. शंका असेल तर तसे वहीत लिहितो.

हा खटाटोप कशासाठी?

कारण या आकड्यांवर माणसांचा जीव अवलंबून असतो. मे २०१५ च्या उष्णतेच्या लाटेत आंध्र प्रदेश आणि तेलंगणा मिळून दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत म्हातारी माणसे आणि उन्हात राबणारे मजूर पुष्कळ होते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने आकड्यांवर आधारलेली योजना केली : तापमान अमुक अंशांवर जाणार असे दिसले, की लोकांना सावध करायचे, पाण्याची सोय करायची, दवाखाने तयार ठेवायचे.

आपल्याकडे मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असून ते नेहमीपेक्षा ४.५ अंश वर गेले, किंवा थेट ४५ झाले, तर उष्णतेची लाट मानतात. आकडा खोटा वाढवला तर लोक उगाच घाबरतात आणि पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाहीत. कमी सांगितला तर गाफील राहतात. म्हणून नोंदीत प्रामाणिकपणा हवा.

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिकडे 'लू लगना' म्हणत, घरी आई 'ऊन लागलं' म्हणे. शब्द कोणताही असो, लक्षणे एकच : अंग तापणे, चक्कर, उलटी, असंबद्ध बोलणे. अशा माणसाला सावलीत न्या, अंग ओल्या कापडाने पुसा, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

सुट्टीतील उपक्रम

१. कमाल-किमान तापमापी मिळवा. तिच्यातील खुणेच्या काड्या दिवसातील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमानावर थांबून राहतात. म्हणून भर दुपारी उन्हात उभे राहण्याची गरज नाही. हवामान खात्याप्रमाणे सकाळी ८.३० आणि संध्याकाळी ५.३० ला पाहा.

२. ती उत्तरेकडील सावलीत, भिंतीपासून थोडी दूर, वारा लागेल अशी टांगा. स्वयंपाकघर आणि कूलर यांच्यापासून लांब ठेवा. काच फुटली तर पाऱ्याला हात लावू नका, मोठ्यांना बोलवा.

३. वहीत रकाने पाडा : तारीख, कमाल, किमान, आकाश, वारा, शेरा. एखादा दिवस चुकला तर रकाना कोरा सोडा. अंदाजाने भरू नका. कोरी जागा ही चूक नाही, खोटा आकडा ही चूक आहे.

४. रोज वर्तमानपत्रातील हैदराबादचा आकडा शेजारी लिहा. फरक का पडला, याचा विचार करा.

५. शेरा लिहिताना माणसेही पाहा. फाटकाशी चिंचा-पेरू विकणाऱ्या आजी किती वाजता उठून गेल्या? समोरच्या बांधकामावरचे मजूर दुपारी थांबले का? त्यांना पाणी मिळाले का?

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा या वह्या घेऊन या. सर्व वह्यांचा मिळून एक तक्ता करू आणि तो सूचनाफलकावर लावू. मग चिंचा विकणाऱ्या आजींना दुपारी कोणत्या वेळी शाळेच्या ओसरीत बोलवायचे, हे आपण आपल्याच आकड्यांवरून ठरवू.

आणि त्या तिघांचा वाद? तिघेही मिळून एकच तापमापी वापरणार आहेत, सावलीत.